नाळ पुन्हा पुन्हा उसळते: प्लेनिंग बोटीतलं पॉर्पॉइझिंग कसं शोधायचं, कसं थांबवायचं

प्लेनिंग बोटीची, म्हणजे वेगात उचलली जाऊन पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत धावणाऱ्या बोटीची, तक्रार बहुतेक वेळा अशी येते. पाणी शांत, वारा नाही, २८ नॉटपर्यंत बोट सरळ धावते. थ्रॉटल थोडं पुढे ढकललं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वरखाली व्हायला लागते, साधारण सेकंदाला एक उसळी, लहान बोटीत थोडी जलद. दर उसळी आधीच्यापेक्षा मोठी, आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. हेच पॉर्पॉइझिंग. ट्रिम टॅब (मागच्या कडेला बसवलेल्या, खालीवर होणाऱ्या पट्ट्या) खाली केले की ती थांबते, पण सोबत दोन-तीन नॉटही जातात. पुढच्या हंगामात तेच पुन्हा, या वेळी २५ नॉटलाच.

टॅब हा इथे शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. पॉर्पॉइझिंगचं मूळ जवळजवळ नेहमी एकच असतं: त्या वेगाला, त्या वजनाला आणि त्या डेडराइजला (तळाच्या व्ही आकाराचा आडव्याशी कोन) जेवढा ट्रिम कोन (बोट पुढून किती उचललेली आहे तो कोन) चालतो, त्यापेक्षा बोट जास्त नाळ वर करून धावते आहे. टॅब तो कोन जबरदस्तीने खाली दाबतात. कोन मुळात वाढला का, हे शोधलं नाही तर दुखणं परत येणारच.

आधी दुखणं हेच आहे ना, ते बघा

लाटांवर आपटणं म्हणजे पॉर्पॉइझिंग नव्हे. बाहेरून काहीही धक्का नसताना, सपाट पाण्यात, ठरावीक लयीत वाढत जाणारी उसळी हीच खूण. बोट डावी-उजवीकडे, एका चाइनवरून (तळ आणि बाजू जिथे मिळतात ती कड) दुसऱ्या चाइनवर पडत असेल तर तो चाइन वॉक. तो रोलमधला अस्थिरपणा आहे. खोल व्ही तळाची बोट फार वेगात कीलच्या (तळाचा मधला कणा) अरुंद पट्टीवर उभी राहते तेव्हा तो दिसतो, आणि त्यात वजन पुढे सरकवून फार काही साधत नाही. नाळ उसळण्याऐवजी हळूहळू खाली जाऊन बोट एका बाजूला ओढली जात असेल तर दुखणं बरोबर उलटं आहे: ट्रिम कमी पडतोय, पुढचा गोलाई असलेला तळ पाण्यात उतरून खाली खेचला जातोय. अशा बोटीला टॅब लावले तर धोका वाढतो. इंजिनचे फेरे अचानक चढत असतील तर प्रोपेलरला हवा लागते आहे. ते आधी निस्तरा, कारण थ्रस्ट तुटत-जुळत राहिला तरी नाळ हलते आणि फसगत होते.

कोन एवढा नाजूक का

नाळ वर गेली की ओली लांबी (तळाचा पाण्याला टेकलेला भाग) घटते, दाबकेंद्र (पाण्याचा एकूण दाब जिथे लागतो तो बिंदू) मागे सरकतं, आणि त्याच वेळी कोन वाढल्यामुळे उचल वजनापेक्षा जास्त होते. बोट वर येते. वर आल्यावर ओला भाग इतका कमी उरतो की उचल कोसळते, बोट खाली बसते, नाळ पुन्हा वर. वरखाली होणं आणि कोन बदलणं या दोन हालचाली एकमेकींना ऊर्जा पुरवत राहतात. ठरावीक कोनाच्या खाली पाणी ही ऊर्जा शोषून घेतं, वर गेलं की उसळी वाढत जाते.

ही सीमा वेग वाढला की खाली येते. डेडराइज जास्त असेल तर थोडी वर जाते. डॅनियल सॅविट्स्की यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत उचल, दाबकेंद्र आणि ही सीमा तिन्ही एकत्र मिळतात. प्रिझमसारख्या, म्हणजे मागे डेडराइज न बदलणाऱ्या तळासाठी ती आजही पहिल्या अंदाजाला पुरेशी आहे. त्यातलं सर्वांत उपयोगी समीकरण दाबकेंद्राचं:

दाबकेंद्राचं ट्रान्समपासून अंतर ÷ सरासरी ओली लांबी = ०.७५ − १ ÷ (५.२१ × वेगगुणांकाचा वर्ग ÷ ओल्या प्रमाणाचा वर्ग + २.३९)

ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची सपाट भिंत. वेगगुणांक म्हणजे वेग भागिले (गुरुत्वत्वरण × चाइनवरची रुंदी) याचं वर्गमूळ. ओलं प्रमाण म्हणजे सरासरी ओली लांबी भागिले तीच रुंदी. बोट स्थिर धावते तेव्हा दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या खाली येतं. म्हणून गुरुत्वमध्य कुठे आहे ते माहीत असलं की ओली लांबी मिळते, आणि तिच्यावरून ट्रिम.

उदाहरणाला ८ मीटरची बोट घेऊ: चाइनवर २.३ मीटर रुंद, डेडराइज १८ अंश, वजन २,६०० किलो, खारं पाणी. थ्रस्ट आणि घर्षण यांचे मोमेंट बाजूला ठेवले तर हिशोब असा येतो:

| गुरुत्वमध्य ट्रान्समपासून | २५ नॉट | ३५ नॉट |
|---|---|---|
| २.९ मीटर | ३.७ अंश | २.५ अंश |
| २.३ मीटर | ४.४ अंश | २.९ अंश |

तक्ता नीट बघा. गुरुत्वमध्य ६० सेंटीमीटर मागे गेला, आणि ३५ नॉटला कोन बदलला जेमतेम ०.४ अंशाने. शांत धावणारी आणि उसळणारी बोट यांच्यात कित्येकदा एवढाच फरक असतो. म्हणूनच तळाला आलेला एक अंशाचा बाक, मागे बसलेली दोन माणसं किंवा बदललेलं इंजिन या तीनपैकी कशानेही बोट सीमेपलीकडे जाते. नुसत्या नजरेने निदान करायला इथे जागाच नाही.

जमिनीवरची मोजणी

पाण्यात उतरण्याआधी दोन गोष्टी मोजायच्या: गुरुत्वमध्य आणि तळाचा सरळपणा.

गुरुत्वमध्यासाठी बोट कीलवर दोन आधारांवर ठेवा, प्रत्येकाखाली लोडसेल (वजन मोजणारं उपकरण). बाजूने नुसता तोल धरणारे टेकू द्या, त्यांनी वजन घेता कामा नये. इंजिन धावण्याच्या स्थितीत खाली, टाकी आणि सामान नेहमीसारखं. मागचा आधार ट्रान्समपासून ०.३ मीटरवर, पुढचा ५.३ मीटरवर आहे, आणि मागे १,२५० तर पुढे १,३५० किलो दाखवतंय असं धरा. गुरुत्वमध्य = ०.३ + ५ × १,३५० ÷ २,६०० = साधारण २.९ मीटर. याच वेळी मागच्या सरळ कीलवर आणि कॉकपिटच्या तळावर एकाच वेळी डिजिटल लेव्हल ठेवून दोन्हींतला फरक लिहून घ्या. पाण्यात कोन मोजताना तो वजा करावा लागतो. हा फरक न घेतल्यामुळे कागदावरचे ट्रिमचे आकडे एक-दीड अंशाने चुकलेले सर्रास दिसतात.

तळासाठी २ मीटरची अॅल्युमिनियमची सरळ पट्टी आणि फीलर गेज. पट्टी कीलला समांतर, ट्रान्समच्या कडेपासून पुढे धरायची. प्रत्येक बाजूला तीन रेषा: कीलजवळ, मध्यावर, चाइनजवळ. दोन मीटरमध्ये २ मिलिमीटरच्या आत फट असेल तर तळ निर्दोष समजा. पट्टीच्या दोन्ही टोकांना आधार आणि मध्ये फट, म्हणजे तळ आत गेलेला: हा हुक. मध्ये टेकून टोकं मोकळी राहत असतील तर रॉकर.

पॉर्पॉइझिंगचा खरा आरोपी रॉकर. शेवटच्या ३०० मिलिमीटरमध्ये तळ ६ मिलिमीटर वर गेला असेल तर त्या पट्टीचा कोन १.१ अंशाने कमी झाला. बोट एकूण अडीच अंशांवर धावत असताना त्या भागाची जवळजवळ निम्मी उचल गेली, आणि तळाच्या त्या वळणावर पाणी चिकटून उलट खाली ओढतं. मागचा भाग बसतो, नाळ उठते. हुक याच्या उलट वागतो, नाळ खाली दाबतो. त्यामुळे हुक असलेली बोट उसळत नाही, पण वेग खाते. काही जुन्या बोटींत हुक मुद्दाम ठेवलेला असतो, तो 'दुरुस्त' केल्यावर पॉर्पॉइझिंग सुरू होतं. हे लक्षात ठेवूनच ग्राइंडर हातात घ्या.

कडा बोटाने चाचपून बघा. ट्रान्समची खालची कड आणि चाइनची कड धारदार हवी, त्रिज्या १ ते २ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. रंगाचे थर, जेलकोटची डागडुजी, बांधून ठेवताना झालेली झीज यांनी कड गोल होते. गोल कडेवरून पाणी सुटत नाही, वर वळतं आणि ट्रान्समला खाली ओढतं. रंगकामानंतर सुरू झालेल्या पॉर्पॉइझिंगमध्ये सर्वांत आधी इथेच बघायचं.

पाण्यातली चाचणी

लाइफजॅकेट, किल कॉर्ड (चालक जागेवरून पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) अंगाला, सोबत दुसरा माणूस आणि मोकळं, शांत पाणी. उसळी वाढू लागली तर थ्रॉटल हळू कमी करा. झटक्यात बंद केलं तर नाळ खाली येत असतानाच ब्रेक लागल्यासारखं होतं आणि ती पाण्यात घुसू शकते.

पहिली फेरी टॅब पूर्ण वर, इंजिनचा ट्रिम (इंजिनचा ट्रान्समशी असलेला कल) पूर्ण आत. २ नॉटच्या पायऱ्यांनी वेग वाढवा, प्रत्येक पायरीला २० सेकंद थांबा, जीपीएसचा वेग आणि कोन नोंदवा. कुठल्या वेगाला उसळी सुरू होते आणि त्याच्या लगेच आधी कोन किती होता, हे दोन आकडे म्हणजे अर्धं निदान. इंजिन पूर्ण आत असताना बोट उसळत नसेल आणि बाहेर काढल्यावरच उसळत असेल, तर हलमध्ये (बोटीच्या मूळ अंगात) दोष नाही. ट्रिम जास्त बाहेर काढला जातोय, एवढंच.

दुसऱ्या फेरीला १०० किलो वाळूच्या पिशव्या मागून २ मीटर पुढे हलवा. आपल्या बोटीत गुरुत्वमध्य यामुळे ७.७ सेंटीमीटर पुढे येतो. उसळी सुरू होण्याचा वेग चांगला चार-पाच नॉटने वर गेला तर दोष वजनाच्या मांडणीत आहे. जेमतेम हलला तर तळाकडे, कडांकडे वळा. एका फेरीत एकच गोष्ट बदला. प्रोपेलर आणि वजन एकदम बदलून कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

वजन मागे कसं गेलं

सर्वांत नेहमीचं कारण इंजिन. जुन्या इंजिनपेक्षा ८० किलो जड इंजिन ट्रान्समवर टांगलं, ते गुरुत्वमध्यापासून ३.२ मीटर मागे. गुरुत्वमध्य साडेनऊ सेंटीमीटर मागे गेला. त्यावर २५० मिलिमीटर सेटबॅकची, म्हणजे इंजिन तेवढं मागे नेणारी, जॅकप्लेट लावली आणि इंजिन २५० किलोचं असेल तर आणखी अडीच सेंटीमीटर.

टाकी पुढे असलेल्या बोटींचं दुखणं लपंडाव खेळतं. टाकीचा मध्य गुरुत्वमध्याच्या १ मीटर पुढे आणि २०० लिटर पेट्रोल, म्हणजे साधारण १४८ किलो. ते संपता संपता गुरुत्वमध्य ६ सेंटीमीटर मागे येतो. सकाळी शांत आणि परतताना उसळणारी बोट दिसली की आधी टाकीची जागा विचारा. वजन एकूण कमी झाल्यामुळे सीमाही थोडी खाली आलेली असते, म्हणजे दोन्हीकडून मार.

उपाय साधे आहेत. बॅटऱ्या पुढे न्या: ६० किलो ३ मीटर पुढे नेलं की ७ सेंटीमीटर मिळतात. नांगर-साखळी मागच्या लॉकरमधून नाळेच्या लॉकरमध्ये. बॅटरीची केबल लांब होते, तिचा जाडपणा वाढवावा लागतो. तो खर्च टॅबच्या पंपापेक्षा कमीच असतो.

इंजिनची उंची विसरू नका. थ्रस्टची रेषा गुरुत्वमध्याच्या खालून जाते, म्हणून ती नाळ उचलते. इंजिन जितकं खाली तितका तो मोमेंट मोठा. अँटी-व्हेंटिलेशन प्लेट (प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी) तळाच्या बरोबरीने ते २५ मिलिमीटर वर, या पट्ट्यात इंजिन बसवायच्या बोल्टचं एकेक भोक वर घेत जा. वळणावर हवा लागायला लागली की एक भोक परत खाली. इंजिन आणखी आत घ्यायला जागाच नसेल तर ट्रान्सम आणि ब्रॅकेटमध्ये ५ अंशांची पाचर मिळते. जास्त रेक (पात्यांचा मागे कल) आणि जास्त कप (पात्याच्या कडेचा वळसा) असलेला प्रोपेलर नाळ उचलतो. त्याऐवजी मागचा भाग उचलणारा चार पात्यांचा घेऊन बघता येतो, पण तळ आणि वजन तपासल्यावरच.

तळाची दुरुस्ती

रॉकर असेल तर शेवटचे ६०० ते ९०० मिलिमीटर घासून, एपॉक्सी पुट्टीने पट्टीवर सरळ करा आणि काचेच्या कापडाचा थर देऊन कड धारदार काढा. गोल झालेली कडही अशीच. मास्किंग टेपचा बांध ट्रान्समच्या मागे घालून पुट्टी थोडी बाहेर काढायची, सुकल्यावर चौकोनी घासायची. मात्र बोट ज्या ट्रेलरवर ठेवली जाते त्याचे आधार तपासल्याशिवाय हे काम सुरू करू नका. मागचं टोक रोलरवर टेकून वर दाबलं जात असेल आणि पुढे आधार नसेल, तर सहा महिन्यांत तोच बाक परत येईल.

खरंच कोन कमी करणं हाच उपाय आहे का, हे स्वस्तात तपासायचं असेल तर ट्रान्समवर अॅल्युमिनियमची एल-पट्टी लांबट भोकांनी बसवा, तळाच्या कडेखाली ३ मिलिमीटर बाहेर येईल अशी. हा स्थिर इंटरसेप्टर. दोन्ही बाजूंना अगदी सारखी, आणि इंजिनसमोर मधून दोन्हीकडे २००–३०० मिलिमीटर मोकळे सोडा, नाहीतर प्रोपेलरला विस्कटलेलं पाणी जातं. भोकं सीलंटने भरा. एकेक मिलिमीटर वाढवत जा आणि उसळी थांबली की तिथेच थांबा. जास्त झालं की नाळ पाणी कापायला लागते आणि मागून येणाऱ्या लाटेवर स्टिअरिंग भरकटतं. कायमचं करायचं असेल तर याच्या जागी १५० मिलिमीटर लांब, मागच्या टोकाला साडेसहा मिलिमीटर जाड पाचर बसवा. ती अडीच अंशांची होते.

नवीन हल असेल तर: टँकमध्ये शांत, समुद्रात उसळी

चाचणीच्या टँकमध्ये ओढलेलं छोटं मॉडेल शांत धावतं, आणि बांधलेली बोट समुद्रात उसळते. हे अनेकदा होतं, आणि चूक मॉडेलच्या तयारीत सापडते. वरचीच बोट १:८ मापात घेतली तर मॉडेल १ मीटरचं. वजन २,६०० भागिले ५१२, गोड्या पाण्यासाठी आणखी १.०२५ ने भागून ४.९५ किलो. ३५ नॉटसाठी वेग सेकंदाला ६.३७ मीटर. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. जडत्व मात्र सोडून देतात. पिचची (नाळ वरखाली होण्याची) जायरेशन त्रिज्या, म्हणजे वजन मध्यापासून किती पसरलंय याचं माप, लांबीच्या साधारण पाव धरतात, म्हणजे मॉडेलला ०.२५ मीटर. ती तपासायला मॉडेल दोन समांतर दोऱ्यांनी टांगा, गुरुत्वमध्याच्या पुढे-मागे ०.२५ मीटरवर, दोरी १ मीटर लांब, आणि आडव्या पातळीत पिळून सोडा. एका हेलकाव्याला २.०१ सेकंद लागले तर त्रिज्या बरोबर. २.२५ लागले तर ती ०.२८ झालेली आहे, टोकांची वजनं मधे घ्या. हा हेलकावा यॉचा (नाळ डावी-उजवीकडे वळण्याचा) असतो, पण बोटीत दोन्ही त्रिज्या जवळजवळ सारख्याच येतात.

टो पोस्टमधलं, म्हणजे मॉडेल ओढणाऱ्या खांबातलं, घर्षण हा दुसरा चोर. वरखाली सरकणारा दांडा किंचित अडकत असेल तर तो उसळीची ऊर्जा खातो आणि मॉडेल खोटं स्थिर दिसतं. दांडा बोटाने उचलून सोडा, तो विनासायास खाली यायला हवा. ओढण्याचा बिंदू थ्रस्टच्या रेषेवर घ्या. मॉडेलच्या कडेला रंगामुळे आलेली अर्ध्या मिलिमीटरची गोलाई खऱ्या बोटीत ४ मिलिमीटर होते, त्यामुळे कडा ब्लेडसारख्या ठेवाव्या लागतात.

फक्त सरळ ओढून स्थिर दिसलं म्हणजे झालं नाही. वेग स्थिरावल्यावर नाळ एक-दोन अंश दाबून सोडा आणि उसळी विझते की वाढते ते नोंदवा. चार-पाच हेलकाव्यांत ती निम्म्यावर आली नाही तर तुम्ही सीमेजवळ आहात, आणि बांधलेल्या बोटीचं वजन नकाशापेक्षा मागे सरकण्याचीच सवय असते. गुरुत्वमध्य लांबीच्या एकेक टक्क्याने मागे घेत जाऊन सीमा कुठे लागते ते काढा. क्लेमंट आणि ब्लाउंट यांच्या १९६३ च्या सिरीज ६२ या मॉडेलचाचण्यांच्या मालिकेतही गुरुत्वमध्य तळाच्या क्षेत्रमध्यापासून ०, ४, ८ आणि १२ टक्के मागे घेऊन चाचण्या केल्या होत्या. एकाच मांडणीत तपासलेल्या हलबद्दल फार थोडं कळतं. संगणकावर सीएफडी (पाण्याच्या प्रवाहाचं गणित) करणाऱ्यांनी स्थिर उत्तर लवकर मिळवण्यासाठी हालचालीवर घातलेलं कृत्रिम डॅम्पिंग शेवटी काढून पुन्हा चालवावं. ते राहिलं तर कुठलीच बोट कधीच उसळत नाही.

सगळं तपासलं, तरी दरवर्षी वाढतंय

तळ सरळ, कडा धारदार, सामान जागच्या जागी, आणि तरी उसळी सुरू होण्याचा वेग दर हंगामात खाली येतोय. अशा वेळी बोट पुन्हा लोडसेलवर चढवा आणि पहिल्या मोजणीशी ताडून बघा. डेकखालच्या फोममध्ये पाणी मुरलं असेल तर एकूण वजन वाढलेलं आणि वाढ मागच्या आधारावर जास्त दिसते, कारण उभ्या बोटीतलं पाणी मागे उतरतं. डेकला मागच्या बाजूला, कीलजवळ ५० मिलिमीटरचं भोक पाडून फोमचा नमुना काढा आणि पिळून बघा. पाणी निघालं तर तिथला फोम काढून बंद पेशींचा नवीन भरावा लागेल, आणि पाणी वाहून जायची जी भोकं स्ट्रिंगरमध्ये (तळाला आतून लांबीभर दिलेल्या आधारपट्ट्या) बुजलेली असतील ती मोकळी करावी लागतील. बिल्जमध्ये (बोटीच्या आत, अगदी तळाशी) मोकळं पाणी साचत असेल तर तेही मोजा. ७० लिटर पाणी प्लेनवर चढताना धावत ट्रान्समला जातं, म्हणजे दोन आउटबोर्डच्या (ट्रान्समवर टांगलेल्या इंजिनांच्या) मध्ये एक माणूस बसवल्यासारखंच.